साडूच्या गाडीला एक ऐंशी

...एक लाख ऐंशी हजार! साडूच्या गाडीला एक लाख ऐंशी आणि माझ्या गाडीला एक लाख चाळीस... आता मला सांगा, हा फरक कशाचा? दोन्ही मारुती, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही शहाण्णवच्या. मी कुवेतहून सुट्टीवर आलो, गाडी घेतली, तर हा अझीम, माझा साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पंधरा दिवसांत कर्ज काढून तसलीच गाडी घेऊन दारात उभा, रंगसुद्धा तोच. मी काही बोललो? नाही बोललो. मी जळत नाही, तुम्हाला सांगतो, स्वभावच नाही माझा.

पण गाडी ठेवली कशी ते तरी बघाल की नाही? माझी गाडी दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी धुतलेली, सीटवर कुवेतची मखमल, पुढं अत्तराची बाटली. आणि ह्याची? ह्याचा मिरकरवाडा बंदरावर बर्फाचा कारखाना, त्यामुळं गाडीत बांगडे, गाडीत सुरमई, गाडीत ओली पोती... आमची बायको तस्नीम बहिणीबरोबर त्या गाडीतनं कुठं जाऊन आली की दुपट्टा आधी भिजत टाकते, मग पाणी पिते. मांजरं मागं लागतात हो त्या गाडीच्या. तिला एक ऐंशी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. कुवेत सुटलं, येऊन मी स्टँडजवळ बॅगांचं दुकान टाकलं, ते चालतंय आपलं बेताचं, आणि आमच्या पोरीला, महरीनला, फार्मसीला नंबर लागला. फी जूनच्या आत भरायची. पस्तीस हजार कसेबसे जमवून कपाटात ठेवले होते, बाकीचे गाडी विकून उभे करायचे. म्हणून महिपत मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीखाली झोपला, दहा मिनिटांनी बाहेर आला, हात पुसत म्हणतो, "जमालभाय, वरनं नवरदेव आहे, पण खालनं खाऱ्या हवेनं पार खाल्लीय. पासष्ट." पासष्ट हजार! मी त्याला चहा पण विचारला नाही.

त्याच संध्याकाळी माझी मेहुणी इशरत, म्हणजे अझीमची बायको, आली, बसली, पदर सावरला आणि आपलं सहज म्हणून काय सांगते, "ह्यांनी गाडी इंटरनेटला टाकली. गिऱ्हाईक पण आलं. बोटीवरचा कॅप्टन आहे म्हणे." म्हणजे दर नाही सांगितला, फक्त हसली. ते हसणं मला रात्रभर दिसत होतं. मी जळत नाही, पण माणसाला झोप तरी लागायला नको?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी संदेशच्या सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये. म्हटलं, "संदेश, अझीमनं टाकली तशीच माझी टाक, आणि त्याला बोलू नकोस." किंमत टाकली एक वीस, म्हटलं कोणी घासाघीस केली तर नव्वदला यायचं. दोन दिवसांत उत्तर आलं. कोणाचं? कॅप्टन रॉबर्टचं! अझीमचाच कॅप्टन! संदेश इंग्रजी वाचतो आणि मला सांगतो, "तो म्हणतो, मी भर समुद्रात आहे, यायला जमणार नाही, गाडी पसंत आहे, एक चाळीस देतो." मी मागितले एक वीस, हा देतो एक चाळीस. तुम्ही म्हणाल, जमालभाय, तिथंच ओळखायचं ना, मागितल्यापेक्षा जास्त कोण देतो? पण मला काय वाटलं माहितेय? मला वाटलं, चला, जगात कोणीतरी माझ्या गाडीची कदर केली.

आणि पुण्याच्या माणसाला येते हो शंका. गाडी बघितली नाही, चालवली नाही, हा घेतो कसा? आमच्याकडं कशी येणार? आमच्या मोहल्ल्यात घराआड एक माणूस बोटीवर. इथं मुलगी न बघता लग्नं ठरलीत, इथं मालकानं पाऊल न ठेवता दोन मजले चढलेत, बाप समुद्रात असताना पोरांची बारशी झालीत, माणूस तिकडनं पैसे पाठवतो आणि सगळं रीतसर होतं. मग गाडी बिचारीनं काय पाप केलं? आणि त्यातून कॅप्टन! आमच्याकडं खलाशी आला तर चहा, आणि कॅप्टन आला तर कोंबडी पडते.

मग काय, कुरिअरनं ड्राफ्ट आला. एक पंचाहत्तरचा. का, तर एक चाळीस माझे, आणि पस्तीस हजार त्याच्या एजंटचे, जो गाडी न्यायला येणार. ते पस्तीस मी दिल्लीला त्या एजंटच्या खात्यात भरायचे. मी ड्राफ्ट बँकेत टाकला, वेदिका मॅडम काउंटरला, त्या म्हणाल्या, "दिल्लीहून खात्री होऊन यायला आठ-दहा दिवस लागतील." इकडं कॅप्टन रोज लिहितोय, बोट सुटतेय, एजंट खोळंबलाय, पस्तीस लगेच भरा. मी विचार केला, चेक परत जातो, ड्राफ्ट कधी परत जातो का? ड्राफ्ट म्हणजे नगद! आणि तस्नीमला न सांगता कपाटातले पस्तीस काढले. महरीनच्या फीचे.

बँकेत गेलो, स्लिप घेतली, दोरीला बांधलेलं पेन घेतलं, एजंटचं नाव लिहिलं, खातं लिहिलं, सही करणार तेवढ्यात वेदिका मॅडम म्हणतात, "जमालभाई, ड्राफ्टचं कळेपर्यंत थांबा की. तुमच्या साडूंना पण मी हेच सांगितलं. ते थांबलेत."

म्हटलं, "अझीमचा पण आला?"

"आला ना. दोन लाख पंधराचा."

दोन पंधरा! मी तिथल्या तिथं पस्तीस वजा केले... एक ऐंशी. मांजरं मागं लागतात त्या गाडीला एक ऐंशी! तुम्हाला खोटं वाटेल, पण मला काही दिसेना. मॅडम पुढं काय काय सांगत होत्या, खात्री, शाखा, फसवणूक... माझ्या कानात एकच, एक ऐंशी. स्लिप फाडली, पैसे खिशात कोंबले, आणि तडक संदेशकडं. म्हटलं, "लिही! कॅप्टनसाहेबांना सलाम. तुम्ही माझ्या साडूला चाळीस हजार जास्त का दिलेत? माझ्या गाडीत आजपर्यंत एक बांगडा बसलेला नाही." संदेश म्हणतो, "काका, बांगड्याला इंग्रजीत काय लिहू?" म्हटलं, "मासा लिही, त्याला बरोबर कळेल, समुद्रातच आहे तो!"

कॅप्टनचं उत्तर आलं, ठीक आहे, तुम्हाला पण एक ऐंशी, आधी एजंटचे भरा. मी लिहिलं, नाही, एक पंच्याऐंशी, आणि नवीन ड्राफ्ट. साडूपेक्षा पाच तरी जास्त पाहिजेत, नाहीतर इशरतसमोर आमची काय शोभा? सहा दिवस! सहा दिवस मी त्या कॅप्टनशी भांडलो, तासाला वीस रुपये मोजून. एजंटचे पैसे न भरता भांडलो हं. आणि सातव्या दिवशी त्यानं काय लिहावं? संदेशनं वाचलं आणि मान खाली घातली. "काका, तो म्हणतो, तुम्ही माझा वेळ फुकट घालवताय." त्यानंतर त्याचं एक अक्षर नाही.

सोमवारी बँकेतून निरोप आला. दोन्ही ड्राफ्ट खोटे. कॅप्टन खोटा, एजंट खोटा, बोटसुद्धा खोटी. पस्तीस भरले असते तर गेले असते, पोरगी घरी बसली असती...

आणि नाव कोणाचं झालं? अझीमचं! पोलिसांत त्यानं कळवलं, पेपरात फोटो त्याचा, 'सावध नागरिक', शाल, नारळ. पत्रकारानं विचारलं, तुम्ही पैसे का नाही भरले? तर हा म्हणतो, "आमचा बर्फाचा धंदा. आधी पैसे, मग लादी. वितळलेला बर्फ कोणाकडनं वसूल होतो काय?" काय वाक्य! छापलं पण तेच, जाड अक्षरात. मी म्हटलं, अहो, मी पण नाही भरले, मला पण विचारा! आला पत्रकार माझ्याकडं, वही काढली, "तुम्हाला संशय कधी आला?" मी घसा साफ करतोय तोवर आतनं तस्नीमचा आवाज, "ह्यांना संशय नाही आला, ह्यांना राग आला." त्यानं वही मिटली. चहा मात्र पूर्ण प्यायला.

मी जळत नाही, पण सांगा, पैसे दोघांचे वाचले ना? मग शाल एकच का?

बरं, गाडी राहिली तशीच, आणि फीची तारीख आठ दिवसांवर. शुक्रवारी अझीम घरी आला. म्हणाला, "जमालभाय, कारखान्याला दुसरी गाडी लागतेय. तुमची द्या. सत्तर." म्हटलं, महिपत पासष्ट म्हणतो. तर म्हणतो, "महरीन माझी पण पोरगी आहे." आणि बँकेत नेऊन, वेदिका मॅडमच्या समोर, आधी रोख माझ्या खात्यात, मग कागदावर सह्या, मग चावी. सगळं रीतसर. महरीनची फी भरली. कुवेतच्या मखमलीवर आता ओली पोती असतात, बघतो मी, रोज दुकानावरनं जाते.

पण त्याचं मला दुःख नाही. माझं दुखणं वेगळंय. दहा वर्षं ह्या माणसावर कसा आरामात जळत होतो मी, सकाळ-संध्याकाळ, काही खर्च नाही... आणि त्यानं वेळेला हात दिला. आता जळायचं म्हटलं तरी कुठल्या तोंडानं जळायचं?