मोटारखोलीची राखण

कॅथरिन : म्हातारीला पण घे गं फोटोत. नुसती खोलीच काय काढतेस?

संपदा : खोलीचेच हवेत, कॅथरिन आंटी. रविवारी वसईत मेळावा आहे, छोट्या घरांची हौस असणाऱ्यांचा. दाखवण्यासारखं लहान घर असेल त्यांनी फोटो घेऊन यायचं म्हणालेत.

कॅथरिन : घर? ही तुमच्या वाडीतली मोटारखोली. आधी विहिरीची मोटार ठेवायचात, आता सासू ठेवलीस.

संपदा : ठेवली काय म्हणता, आंटी! सोनूची छाती तुम्हाला माहितीये. आईंनी मशेरी भाजली की रात्रभर पोर शिट्टीसारखं वाजायचं. डॉक्टरांनीच सांगितलं, धुरापासून लांब ठेवा.

कॅथरिन : पोराला लांब ठेवा म्हणाले असतील.

संपदा : वन रूम किचनमध्ये लांब म्हणजे कुठे? संडासात? आणि तात्पुरतंच आहे हे. सुमेधही, त्यांचा पोटचा मुलगा असून, तेच म्हणतो. डबा रोज येतो, मोतीबिंदूचं मे महिन्यात करायचं ठरलंय. काय कमी आहे त्यांना?

कॅथरिन : गणपतीत आणलीस तिला. आमचा नाताळ होऊन गेला.

संपदा : आई, जरा बाजूला होता का? चौकटीत तुमची सावली येतेय.

भागूबाई : झाले, बाय. अजून सरकू? केळीपाशी जाऊन उभी ऱ्हाते.

संपदा : हां, तिथेच थांबा. डबा पायरीवर ठेवलाय, गार व्हायच्या आत खाऊन घ्या. मी आत येत नाही, घरी जाऊन सोनूला घ्यायचंय.

भागूबाई : निजायची फळी खाली पाडून देऊ का? पाडली की बरी दिसते.

संपदा : चालेल, पाडा. आणि परत बाजूला व्हा.

कॅथरिन : ऐक माझं, संपदा. माणूस वगळून घर दाखवशील तर लोक पहिलं हेच विचारतील, इथं राहतं कोण? तेव्हा काय सांगशील?

संपदा : कोण विचारतंय, आंटी! फळी कशी दुमडते, भांडी कुठे टांगलीत, तेवढंच बघतात लोक. तुम्ही उगाच फार विचार करता.

* * *

वसुंधरा : टाळ्या ऐकल्यात ना, संपदा? सकाळपासून एवढ्या कुणालाच पडल्या नाहीत. बोरिवलीच्या त्या गृहस्थांनी सरकती भिंत दाखवली, पण ती पाहून मला नाटकातला सेट आठवला. तुमचं घर कसं, खरं वाटतं.

संपदा : मला वाटलं होतं तुम्ही हसाल, वसुंधराताई. दहा बाय आठची खोली ती.

वसुंधरा : अहो, म्हणून तर हा मेळावा भरवला! आमची निम्मी मंडळी रिटायर झालेली. दादर-पार्ल्याची घरं मुलांना देऊन कुठेतरी वाडीत एवढंस्सं घर बांधायचं, हे एकच स्वप्न सगळ्यांचं. आणि तुम्ही ते करून मोकळ्या झालात. शिकलात काय तुम्ही? आर्किटेक्चर?

संपदा : नाही हो, बी.ए. अर्थशास्त्र. नोकरी होती, सोनू झाल्यावर सोडली. खरं सांगू, तीन वर्षांत आज पहिल्यांदा कुणी मला दुधाच्या बाटलीशिवाय दुसरं काही विचारलं.

वसुंधरा : मग आता विचारतेच. सगळ्या वस्तू हाताच्या उंचीवर, एकही खाली नाही, एकही वर नाही. ही कल्पना तुमचीच?

संपदा : हो... म्हणजे, होत गेलं तसं.

वसुंधरा : आणि राहतं कोण तिथे?

संपदा : अं?

वसुंधरा : राहतं कोण?

संपदा : आम्हीच. म्हणजे सुट्टीला वगैरे. एरवी रिकामंच असतं.

वसुंधरा : रिकामं? मग आत्ताच जाऊ की! तुमचं सांडोर गाव जवळच ना इथून? आमची ट्रॅक्स गाडी खाली उभी आहे. जेवणानंतर सगळ्यांना किल्ल्यावर न्यायचं होतं, पण किल्ला काय कुठे पळून जात नाही.

संपदा : आज नको, ताई. झाडलेलं नसेल. किल्लीही शेजारी असते. आणि वाट अगदी बांधावरची, तुमच्या गुडघ्यांना...

वसुंधरा : माझ्या गुडघ्यांची काळजी मला करू द्या. चला, मंडळी, चपला शोधा!

* * *

वसुंधरा : अगंबाई, दार तर सताड उघडं! आजी, नमस्कार. तुम्ही कोण?

भागूबाई : मी व्हय?

संपदा : ताई, या माझ्या...

भागूबाई : मी वाडी राखते. केळीला पानी सोडायचं, झाडलोट करायची. घर ह्या बाईंचं हाय.

वसुंधरा : हो का! मला वाटलं, घरात माणूस दिसतंय म्हणजे आपण चुकीच्या ठिकाणी आलो.

भागूबाई : नाय, नाय, बरोबर आलात. या ना. चपला ऱ्हाऊ द्या, कोबा हाय नुसता. बाई, तुमी बी या आत. अशा दारात का उभ्या?

वसुंधरा : वा! फोटोत होतं त्याहून छान आहे. ही फळी... हां, खाली पडते आणि पलंग होतो. आणि ही दोरी कसली? फोटोत दिसली नाही. दारामागून भिंतीला धरून थेट पलंगापर्यंत गेलीय.

भागूबाई : काळोखात हाताला धरायला. दिसलं नाय तरी मानूस बरोबर जाग्यावर जातं. बाईंनीच बांधलीय.

वसुंधरा : म्हणजे वीज गेली तरी अडायला नको! संपदा, हे सांगितलंच नाहीत भाषणात?

संपदा : मी... ती दोरी मी आजच बघतेय.

भागूबाई : विसरल्या असतील. लेकरू लहान हाय त्यांचं, त्याचा दमा, त्यांच्या डोक्याला किती ताप. मागं बांधून गेल्यात.

वसुंधरा : म्हणून भांडीही हाताच्या उंचीला! काही शोधायलाच नको. आणि हा डबा? मशेरीचा दिसतोय. आमच्या आजीकडे अस्साच होता. आत काय... सुया, बटणं, दोरा.

संपदा : सुया? मशेरी कुठाय मग त्यातली?

भागूबाई : मशेरी हितं कोन लावतंय, बाई.

वसुंधरा : चला, बाहेर मंडळी खोळंबलीत, एकेकाला येऊ दे आत. आजी, हे धरा. मेळाव्यातला नाश्ता आहे, एक पाकीट जास्तीचं होतं.

भागूबाई : देव तुमचं भलं करो.

वसुंधरा : दोन्ही हातांनी घेतलं बघा! संपदा, बाई चांगली मिळाली हो तुम्हाला. धरून ठेवा. आमच्याकडे अशी माणसं आता मिळत नाहीत.

* * *

संपदा : गेले सगळे गाडीकडे. आई, असं का सांगितलंत?

भागूबाई : मग काय सांगू? गाडी आली तवा तुजा चेहरा बघितला. मला एवढंच दिसलं, की तू लोकांना कायतरी सांगून बसलीयस.

संपदा : एवढं दिसलं तुम्हाला?

भागूबाई : चेहरा नीट नाय दिसला. पन तू हाक मारली नाय ना. नायतर बांधावरूनच ‘आई, डबा’ म्हनून वरडतेस.

संपदा : मी सांगणार होते त्यांना. तोंड उघडलं होतं मी.

भागूबाई : उघडलं होतंस, खरं हाय. मीच मधी बोलले. पन नंतर लई वेळ होता, बाय. एकेक मानूस येऊन गेलं.

संपदा : मशेरी कधी सोडलीत?

भागूबाई : थंडी पडली तवा. सोनूच्या वाढदिवसाला येयाचं होतं मला. म्हटलं, तोंडाला वास नको, साडीला वास नको, मग कोन काय बोलनार?

संपदा : वाढदिवसाला तुम्हाला... आम्ही बोलावलंच नाही.

भागूबाई : केक आला होता की डब्यातून. खाल्ला मी.

संपदा : सांगायचंत ना, आई! एका शब्दाने तरी सांगायचंत!

भागूबाई : कोनाला सांगू? सुमेध येतो तो गाडी बंद पन करत नाय. तू येतेस ती पायरीवर ऱ्हातेस, पोराच्या कपड्याला वास लागेल म्हनून. आत आली असतीस तर कळलं असतं. वास नाय ते कळायला मानसानं आत यावं लागतं.

संपदा : चला. आत्ताच चला घरी. पिशवी भरते तुमची.

भागूबाई : त्यांच्या गाडीतनं?

संपदा : हो, त्यांच्याच गाडीतनं.

भागूबाई : त्या बाईच्या मांडीला मांडी लावून वाडीची राखनदारीन बसनार? आनि त्यांनी विचारलं, हिला कुठं नेताय, तर?

संपदा : सांगेन त्यांना.

भागूबाई : मग सांग की. बांधावरनं आवाज येतोय की त्यांचा. मार हाक.

संपदा : आधी पिशवी तर भरू दे.

भागूबाई : मार.

(रस्त्यावरून ट्रॅक्सचा हॉर्न.)

वसुंधरा : संपदा! येताय ना? ड्रायव्हर कुरकुरतोय हो!

संपदा : आले, ताई! आलेच!

भागूबाई : जा. आनि हे पाकीट ने सोनूला. वेफर हायत आत, कुरकुर वाजतंय. त्याला आवडतात.

* * *

संपदा : हॅलो, कॅथरिन आंटी? मी संपदा बोलतेय.

कॅथरिन : बोल गं. आज मोठी वरात आली होती तुमच्या वाडीत. आमचा कुत्रा अजून भुंकतोय.

संपदा : आंटी, तुम्ही म्हणाला होतात ना, लोक विचारतील म्हणून? विचारलं.

कॅथरिन : आणि तू काय सांगितलंस?

संपदा : रिकामं असतं, म्हणाले. मग तिथे आलो तर आई म्हणाल्या, मी वाडी राखते. मला ‘बाई, बाई’ करत होत्या आणि मी ऐकत उभी राहिले. त्या वसुंधराताई म्हणाल्या, बाई चांगली मिळाली. तेही ऐकलं मी.

कॅथरिन : देवा रे. मग परत जाताना गाडीत तरी बोललीस काही?

संपदा : नाही. वाटेत दोनदा ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांनी पुढच्या मेळाव्यासाठी माझं नाव घातलं, आणि मी ‘हो’ म्हटलं. हे सगळं पहिलं तुम्हालाच सांगतेय. सुमेधलाही बोलले नाही अजून.

कॅथरिन : रडू नको. पोर कसंय?

संपदा : घरी आले तर छाती भरलेली. वाफ देतेय मांडीवर घेऊन. आता तर मशेरीसुद्धा नाही घरात, आंटी, तरी भरली. सुमेध रात्रपाळीला निघून गेला. याला टाकून मला आज येता येत नाही. उद्या सकाळी तो आला की आम्ही तिघं येतो, त्यांना घ्यायला. आल्या तर.

कॅथरिन : येईल गं. नातवासाठी येईल.

संपदा : आंटी, दुसरंच एक आहे. आज डबा गेलाच नाही. सुमेधला वाटलं मी वसईला जातेय म्हणजे वाटेत देऊन जाईन, मला वाटलं तो देऊन आला असेल. नाश्त्याचं पाकीट होतं त्यांच्याकडे, तेही सोनूला पाठवलं. घरी येऊन उघडलं तर सामोसा, बर्फी, सगळं जसंच्या तसं. सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या. आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

कॅथरिन : तिला चूल पण पेटवता येत नाही आता, डोळ्यांमुळे. थांब, माझ्याकडे माशाचं कालवण आहे, भात आहे. आमच्या एडवर्डला टॉर्च धरायला सांगते आणि निघते. पण ती विचारेल, कुणी पाठवलं?

संपदा : माझं नाव नका सांगू.

कॅथरिन : बरं.

संपदा : नाही, थांबा. सांगा. सुनेनं पाठवलंय म्हणून सांगा. एडवर्डकाकांसमोरच सांगा. आणि आंटी, दार नुसतं लोटलेलं असलं तरी आधी वाजवा, ते त्यांचं घर आहे. दोरी धरून दारापर्यंत यायला वेळ लागेल त्यांना, तेवढं थांबा. आणि त्या जेवल्या का, तेवढं बघून या.