स्पॅनिश चांदोबा

“यल्ला, यल्ला!” म्हणत नावाड्याने बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा होडी सोडली. दिवसभर ऑफिसात शिणलेल्या सुलक्षणाचे डोळे पाण्याच्या हेलकाव्यांनी मिटू लागले. तिच्या पाठीला पाठ लावून एक सासरे, त्यांची सून आणि छोटी नात बसली होती.

“बाबा, तुम्ही दोघं रोज ते स्पॅनिश कार्टून बघता. कळतं तरी का?”

“एक अक्षर नाही. इशितालाही नाही. म्हणून तर मजा येते.”

“ती कशी?”

“चांदोबा काहीतरी बोलतो, की ती माझ्याकडे बघते. मग मी सांगतो, तो म्हणतोय, ढगाची गोधडी ओली झालीय, आता झोपू कुठे?”

“तुम्ही मराठीत सांगता आणि ही उत्तर देते इंग्लिशमध्ये.”

“देऊ दे. ऐकते ना!”

“आज मी सेटिंग बदलून इंग्लिश लावलं, बाबा. उद्या तुम्ही पुण्याला गेलात की तिला सांगणार कोण?”

“हं. बरं केलंस.”

सुनेचा आवाज लेकीकडे वळला.

“इशू, आवडलं ना इंग्लिश कार्टून?”

“नो.”

“का गं? काय म्हणाला मून?”

“गुड नाइट, सी यू टुमॉरो.”

“मग छान की!”

“नाही. तो चांदोबा खोटं बोलतो. गोधडी तर ओली आहे. आजोबा, तू सांग.”

पलीकडचा धक्का जवळ आला. सुलक्षणाने डोळे मिटूनच ठेवले. गोधडी वाळली का, ते तिलाही ऐकायचं होतं.