वकिलांनी बोलायचं नाही

...नाही, मला एक सांगा, गवयाला मैफलीला बसवायचं आणि वर बजावायचं, गाऊ नका, याला काय अर्थ आहे? तुम्हाला सांगतो, कोर्टात आता नवी पद्धत आलीय. सुनावणीआधी मध्यस्थी! गोल टेबल, आणि मध्यस्थ बाई गोड हसून म्हणतात, "इथे पक्षकार बोलतील. वकिलांनी बोलायचं नाही."

माझा अशील शिंपी. समोर त्याचाच धाकटा भाऊ, तोही शिंपी, शेजारी त्याचा वकील. वडिलांच्या दुकानावरून वर्षानुवर्षं अबोला, जे काय बोलायचं ते वकिलांमार्फत. धाकटा शिंकला तरी मी नोटीस धाडणार! सवयीनं उभा राहिलो, "माझे अशील असं म्हणतात की..." "बसा वकीलसाहेब." बसलो!

मग नुसती शांतता. मला घाम फुटला हो, आम्हाला कुठं सवय! एवढ्यात धाकटा म्हणाला, "दादा, हा कोट कुणी शिवला?"

थोरला गुरगुरला, "मीच. का?"

"खांदा उतरलाय. तुझ्या हातून? ...तुला नीट दिसत नाही का रे?"

मी ताडकन उठलो, हरकत घ्यायला! बाईंनी नुसतं बघितलं. वकिलांनी बोलायचं नाही! बसलो!

आणि थोरला मान खाली घालून पुटपुटला, "डावा डोळा गेलाय. दुकान गेलं तर मला कोण ठेवणार कामाला?"

अहो, हे मलाच ठाऊक नव्हतं! अशिलाकडे आम्ही कागद मागतो, डोळ्यांची चौकशी कोण करतं?

धाकट्याचा आवाजच बसला. "मला वाटलं, तू मला हाकलायला निघालायस. वकीलच म्हणाले तसं."

"तुला? हाकलायला? मला माझे वकील म्हणाले, तूच मला..."

आम्ही दोघे वकील छताकडे बघत बसलो. छत छान होतं.

"दादा, तू मापं घे, गिऱ्हाईक सांभाळ. शिवतो मी."

संपलं! तुम्हाला सांगतो, आमच्या कागदांत धाकटा आजवर 'प्रतिवादी' होता. त्यानं 'दादा' म्हटलं आणि अख्खा दावा उसवला. हसू येईना, रडूही येईना. 'वाहवा!' अगदी ओठांवर आलं, पण करता काय, वकिलांनी बोलायचं नाही!

बाहेर आल्यावर अशिलानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "साहेब, आजच्यासारखं काम तुम्ही कधीच केलं नव्हतं!"

आता गावभर माझी शिफारस करत हिंडतोय... "वकील करायचा तर हाच करा, तोंड म्हणून उघडत नाही!"