विकल्या नाहीत, दिल्या

हॅलो?… हो, मीच. अगं, आधी रडणं आवर, एक अक्षर कळत नाहीये… केव्हा गेला तो मुलगा?… आज सकाळी. अरेरे. आईवडील जवळ होते त्याच्या?… हं.

बसलोय मी. बोल.

काय? तुझ्या राजाने त्या नशेच्या गोळ्या विकल्या नाहीत, मित्राला नुसत्या दिल्या?… अगं, मी आत्ताच वकिलांशी बोललो. विकल्या काय नि वाटल्या काय, कायद्याच्या लेखी दोन्ही पुरवणंच. आणि त्यातून माणूस दगावला, तर… ऐक ना! कायदा मी नाही केलेला… हो, मित्रानेच मागितल्या असतील. पण मागितल्या म्हणून द्यायला त्या काय लिमलेटच्या गोळ्या होत्या?

नाही. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे होता, असं मी सांगणार नाही… सख्खा मामा आहे म्हणूनच नाही.

बरं, उरलेल्या गोळ्या कुठे आहेत?… कुठे टाकल्यास?… संडासात! आणि वर पाणी सोडलंस?… अगं बाई, काय करून बसलीस हे! त्या तपासल्या असत्या, तर आत भलतंच काही होतं का ते कळलं असतं. याला काय सांगून दिल्या होत्या आणि आत निघालं काय, एवढाच एक धागा वकिलांच्या हाती होता… हो, कळतंय. आई आहेस. घाण दिसली, धुऊन टाकलीस.

आता? आता तेही सांगायचं… हो, तुलाही विचारतील. विचारू देत.

गोळ्या त्या मित्राच्याच होत्या म्हणायचं? आणि गेलेल्याच्या माथी मारायचं?… हो, तो काही उठून ‘नाही’ म्हणायला येणार नाही. अगं, तेच तर म्हणतोय मी.

दे त्याच्याकडे फोन… जेवला नसेल तरी दे.

हं, मामा बोलतोय. ऐकलंस ना सगळं?… जरा मोठ्याने बोल, बाळा… आपणहून?… आजच?… बरं. मी वकिलांना घेऊन पोलीस चौकीच्या फाटकाशी थांबतो… भीती वाटणारच. मलाही वाटतेय. नीघ तू.

का? निघता का येत नाही?… दे, तिला दे फोन.

अगं, दारातून बाजूला हो… ऐकतेयस ना? पळून नाही चाललाय तो… हात सोड त्याचा… हॅलो?… अगं… हॅलो?