बोलीवर नाही, बोलण्यावर हसा

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही सगळे आलात. मोहोळहून, करमाळ्याहून, मुंबईहूनसुद्धा. बोलायला उभी राहिलेय खरी, पण शालनबद्दल 'होती' म्हणायची जिभेला अजून सवय नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्टच सांगते. मघाशी एक पाहुणे म्हणाले, "तिच्या विनोदामागं मोठं दुःख लपलेलं होतं." नाही हो! तिच्या विनोदामागं मेहनत होती. एका वाक्यासाठी ती सकाळ घालवायची. मला वाचून दाखवायची. मी हसले नाही की कागद टराटरा फाडायची. हे दुःख नव्हे. हे काम होतं, काम!

तुम्ही तिला पहिल्यांदा पाहिलंत ते मालिकेतल्या मोलकरणीच्या कामात. एके दिवशी सेटवर दिग्दर्शक म्हणाले, "तू फक्त 'न्हाय' म्हण, बाकीचे हसतील."

शालन म्हणाली, "ह्यात विनोद कुटं हाय?"

"अगं, तू बोलतेसच तशी. तोच विनोद."

"मग माजी आई घरात दिवसभर विनोदच करती व्हय?"

शालन सेटवरच्या सगळ्यांकडं वळली. मग ती म्हणाली, "माज्या बोलण्यावर हसा की, लई हसा. बोलीवर न्हाय."

काकू, तुम्ही समोर बसलाय. तुमची लेक तुमच्यासाठी भांडली. आमच्या सगळ्यांसाठी भांडली.

पुढच्याच आठवड्यात मालिकेतली मोलकरीण गावाला गेली. ती काही परत आली नाही. शालन मात्र सोलापूरला परत आली. लोक विचारायचे, "सुटलं का टीव्हीचं?" ती म्हणायची, "सुटलं न्हाय, लिहितीय." गणपतीत, जत्रांत एकटीचे कार्यक्रम करायची. मैंदर्गीला समोर निम्मे लोक कानडी बोलणारे. तिथल्या बायकांकडून तिनं दोन वाक्यं शिकून घेतली आणि स्टेजवर त्यांचा पार गोंधळ घातला. माणसं पोट धरून हसली. तिच्या फजितीवर हसली, कानडीवर नाही. हा फरक तिला कळत होता. किती जणांना कळतो?

मग दुसऱ्या वाहिनीनं बोलावलं. तिनं स्वतः लिहिलेली तहसीलदारबाई पुढं ठेवली. खुर्चीत बसून 'हाय' आणि 'न्हाय' म्हणणारी बाई. ते म्हणाले, "साहेबीण आहे, जरा शुद्ध बोलू दे." शालन म्हणाली, "आमच्याकडं पोरी साहेब होत न्हाईत, असं वाटतं का तुमाला?" एक अक्षर बदललं नाही तिनं. आणि ती मालिका तुम्ही घराघरांत जेवणं थांबवून बघितलीत.

आजार आला. औषधांनी केस गेले. वाहिनीवाले काळजीनंच म्हणाले, "मालिकेत तहसीलदारबाईंना काही दिवस गावाला पाठवू." शालन म्हणाली, "एकदा गेले होते. आता न्हाय जात." दवाखान्याच्या खाटेवर बसून तिनं भाग लिहिला. तहसीलदारबाई तसंच डोकं घेऊन कचेरीत येते. शिपाई बघतच राहतो. ती म्हणते, "बघतोस काय? केसांची रजा मंजूर केलीया, माजी न्हाय."

त्या शूटिंगला मी होते. कॅमेरामन हसता हसता डोळे पुसत होता. ती त्याला ओरडली, "रडू नगंस, फ्रेम हलती!"

अशी बाई गेली. मला राग येतोय, मंडळी. खूप राग येतोय. अजून कितीतरी लिहायचं होतं तिला. पण कुणी तिला 'बिचारी' म्हणू नका. आणि इथल्या मुलींनो, उद्या कुणी तुम्हाला आधी भाषा सुधारून या म्हणालं, तर खुर्ची ओढा, बसा आणि आपल्या भाषेत बोला.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. शांत राहू. पण त्या शांततेत कुणाला शालनचं एखादं वाक्य आठवलं आणि हसू फुटलं, तर दाबू नका. शेजारच्यांनी डोळे वटारू नका. तिनं हातानं कमावलेलं हसू आहे ते.

उठा, मंडळी.