पेत्राची सासू

सुमनबाई : फ्रिजवरची माझी चिठ्ठी कुणी काढली?

तृप्ती : काढली नाही, मम्मी. सरकवली. ती बघा, खाली आहे.

सुमनबाई : देवाचं वचन गॅसवाल्याच्या नंबराखाली?

तृप्ती : वरच्या जागी दुसरं वचन लावलंय. धड चिकटणारं चुंबक एकच आहे आपल्याकडे.

सुमनबाई : कुणी लावलं?

तृप्ती : मी. तुम्हीच म्हणता ना, नुसतं वाचून उपयोग नाही, रोजच्या वागण्यात लागू केलं पाहिजे.

सुमनबाई : माझा चष्मा दे. नीतिसूत्रे, सत्तावीस, पंधरा. नुसते आकडे लिहिलेस?

तृप्ती : तुमचीच पद्धत. ज्याला गरज असेल त्यानं शास्त्र उघडून बघावं.

ललित : मी बघितलं, मम्मी. गळक्या नळाबद्दल आहे. मला उद्देशून आहे ते. बाथरूमच्या नळाचं वॉशर राहिलंय ना माझ्याकडून.

सुमनबाई : पावसाळ्यात टपटप गळणारं पाणी, हे अर्धं वचन झालं, ललित. ते पाणी कुणासारखं, हे उरलेल्या अर्ध्यात आहे. भांडकुदळ बाईसारखं. तेवढं वाचलं नाहीस वाटतं?

ललित : मला नळापुरतंच लागू होतं.

सुमनबाई : आणि उरलेलं कुणाला लागू होतं, तृप्ती?

तृप्ती : चौतीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवलंत तुम्ही. मी काय सांगणार?

सुमनबाई : मी काल मुंगीचं वचन लावलं, ते तुला झोंबलेलं दिसतंय.

तृप्ती : आळशा, मुंगीकडे जाऊन काहीतरी शीक, असंच ना ते? मी काल साडेपाचला उठले होते. डबे भरून कामावर गेले.

सुमनबाई : मुंगी त्याच्याही आधी उठते.

तृप्ती : मुंगीला सासू नसते, मम्मी.

ललित : पोहे गार होतायत बरं का दोघींचे.

सुमनबाई : तू गप्प बस. ही लग्नाआधी सायखेड्याला होती तेव्हा हिला बायबल कुठल्या बाजूनं उघडतात तेही ठाऊक नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी माझ्या हातानं प्रत दिली हिला.

तृप्ती : आणि म्हणालात, रोज तीन अध्याय वाच. वाचते.

ललित : मम्मीला वाटलं नव्हतं तू खरंच वाचशील.

सुमनबाई : ललित!

तृप्ती : थांबा, माझा फोन वाजतोय. हॅलो? हां मामा, बोला. काय? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाय. कधी? आन आई? कुठं हाय ती? तिला द्या ना. आई... रडू नको. अगं रडू नको, हाय ना मी. मागची भिंत का सगळंच? बरं. तिथंच थांब. कोरडं लुगडं हाय का अंगावर? मी बघते. हां. ठेव.

ललित : काय झालं?

तृप्ती : पाणी गावात शिरलं. पहाटे आमच्या घराची मागची भिंत बसली. आईला कारभारीमामांनी ओढून बाहेर काढलं. शाळेत आणून ठेवलंय सगळ्यांना.

ललित : काल नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी होतं, तेव्हाच मी म्हणालो होतो, खाली सायखेड्याला काही खरं नाही.

सुमनबाई : अरेरे. लागलं तर नाही ना भिमाबाईंना?

तृप्ती : नाही म्हणते. खरं सांगते की नाही कोण जाणे.

सुमनबाई : प्रभूचे उपकार. चला, आधी प्रार्थना करू.

तृप्ती : करू. आणि प्रार्थना झाल्यावर ललित गाडी काढेल.

सुमनबाई : गाडी कशाला?

तृप्ती : आईला आणायला.

सुमनबाई : इथे?

तृप्ती : मग कुठे?

सुमनबाई : अगं, मी रविवारी चर्चमध्ये मंडळीला सांगते. कपडे गोळा करू, धान्य पाठवू, चादरी पाठवू.

तृप्ती : चादरी शाळेत वाटल्यात म्हणे. तिला भिंत पाहिजे, मम्मी. चार भिंती.

सुमनबाई : आणि आपल्याकडे किती आहेत? एक खोली तुमची, एक माझी. मुलीच्या सासरी येऊन राहणं त्यांना तरी बरं वाटेल का? लोक काय म्हणतील?

तृप्ती : शाळेत पन्नास माणसांत दोन संडास आहेत. तिथे तिला फार बरं वाटत असेल.

सुमनबाई : हे बघ, लग्न झालं की सासर तेच घर. रूथचं पुस्तक वाचलंस ना? नवरा मेला तरी ती पोर सासूला सोडून गेली नाही. सासूची माणसं ती आपली माणसं मानली तिनं.

तृप्ती : वाचलं. मी कुठे तुम्हाला सोडून चाललेय? उलट आणखी एक जण आणतेय.

सुमनबाई : शब्दांत पकडू नकोस.

तृप्ती : एक विचारू? येशूचा शिष्य पेत्र, त्याची सासू कुठे राहायची?

सुमनबाई : हे काय मधेच?

तृप्ती : मार्काचं शुभवर्तमान, पहिलाच अध्याय. परवा वाचला. तिला ताप आला होता आणि येशू तिला बघायला घरात गेला. कुणाचं घर होतं ते?

सुमनबाई : पेत्राचं.

तृप्ती : म्हणजे जावयाचं. आणि पेत्राचा भाऊही त्याच घरात होता. तरी सासूला जागा झाली. आणि येशूनं घरात पाऊल टाकल्यावर असं नाही विचारलं, की ही बाई मुलीच्या सासरी काय करतेय, लोक काय म्हणतील.

सुमनबाई : ती आजारी होती.

तृप्ती : मग आपणही थांबू या. शाळेतल्या ओल्या फरशीवर झोपून ताप येईलच दोन दिवसांत. तेव्हा आणू.

सुमनबाई : ताप उतरल्याबरोबर ती उठून सगळ्यांच्या सेवेला लागली, तेही लिहिलंय तिथे. ते नाही सांगितलंस.

तृप्ती : माझी आई ताप असतानाही लागते. त्याची काळजी नका करू.

ललित : मला वाटतं, दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

तृप्ती : सासू कुणाची आहे, ललित? तुझीच ना?

ललित : हो, म्हणजे, माझी काही हरकत नाही. पण मम्मीची जर हरकत असेल, तर मग माझीही...

सुमनबाई : पेत्रानं बिचाऱ्यानं कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदाच नाकारलं होतं. तू सकाळपासून एकदा इकडून, एकदा तिकडून नाकारतोयस.

तृप्ती : आता कोंबडा आरवायच्या आत किल्ली घे म्हणावं त्याला.

ललित : इंदिरानगरात कोंबडा कुठला?

सुमनबाई : शहाणपणा पुरे. वर्गात पोरींना मीच बजावायची, शास्त्र आपल्या सोयीपुरतं वाचायचं नसतं. आता ही मला मार्क काढून दाखवते. पहिलाच अध्याय! शेवटचा तरी असता.

तृप्ती : म्हणजे आणू?

सुमनबाई : तीन दिवस. पाणी उतरेपर्यंत. ललित, पूल सुरू झाला का विचारून मगच निघ. आणि मागच्या सीटवर प्लास्टिक टाक, परवाच धुतलीय गाडी.

(चौथ्या दिवशी सकाळी. ललित आणि तृप्ती कामावर गेले आहेत.)

भिमाबाई : इहीणबाई, भांडी झाली. फडकी पिळून वाळत घातली. आता काय करू?

सुमनबाई : बसा हो घटकाभर. पाहुण्या आहात तुम्ही.

भिमाबाई : पाव्हणी तीन दिसाची. काल तीन झाले. पिशवी भरून ठेवलीय मी, पोरगी सांजच्याला आली की निघते.

सुमनबाई : तीन दिवसांचं तुम्हाला कुणी सांगितलं? तृप्तीनं?

भिमाबाई : ती कशाला सांगंल? जावईबापू म्हनले, गाडीतच. मम्मीचा सोभाव तसा हाय, मनावर घेऊ नका, म्हनले.

सुमनबाई : ललित असं म्हणाला? माझ्यापुढे तर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

भिमाबाई : गाडीत लय बोलतो. गुणाचं पोरगं हाय.

सुमनबाई : जाणार कुठे तुम्ही? भिंत झाली का?

भिमाबाई : भिंत कसली! चिखल निघाला तरी पुष्कळ. दिवाळीपर्यंत काय व्हत नाय आता. शाळेत हायेत अजून चार-सहा बाया. त्यांच्यात राहीन.

सुमनबाई : दुपारी बघू. माझी वाचनाची वेळ झाली.

भिमाबाई : मोठ्यानं वाचा की. मला काय वाचता येत नाय. तृप्ती सांगत व्हती, तुमच्या पुस्तकात सासवासुनांचं लय हाय.

सुमनबाई : एवढ्या मोठ्या शास्त्रात तिला तेवढंच दिसलं?

भिमाबाई : मुंग्यांचं बी हाय म्हनली.

सुमनबाई : पुरे. आज मला यहेज्केलचं पुस्तक आहे, ते तुम्हाला समजायचं नाही. ठीक आहे, रूथ घेते. ऐका. बेथलेहेमात दुष्काळ पडला, म्हणून नामी नावाची एक बाई नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन परमुलखात राहायला गेली.

भिमाबाई : गाव सोडून?

सुमनबाई : हो. तिथे नवरा वारला. मुलांची लग्नं झाली, तिथल्याच मुलींशी. मग दोन्ही मुलगेही वारले.

भिमाबाई : दोन्ही? आगं आई गं. आन ती म्हातारी तिथं एकटीच?

सुमनबाई : दोन सुना होत्या बरोबर. पुढे तिला कळलं, आपल्या गावी आता बरं पिकतंय. ती परत निघाली. सुनाही निघाल्या. वाटेत ती थांबली आणि सुनांना म्हणाली, तुम्ही आपापल्या आईच्या घरी परत जा.

भिमाबाई : कोन म्हनलं? सासू?

सुमनबाई : सासू.

भिमाबाई : आईच्या घरी जा, असं सासू म्हनली? तसं लिहिलंय त्यात?

सुमनबाई : हे काय, इथेच आहे. आईच्या घरी.

भिमाबाई : चांगली बाई व्हती.

सुमनबाई : ...हो.

भिमाबाई : थांबला का? वाचा की.

सुमनबाई : चौतीस वर्षं हे शिकवलं मी. दर वर्षी रूथवर टीप लिहायला सांगायची. सासू काय म्हणाली, ते एकाही मुलीनं कधी लिहिलं नाही. आणि मी कुणाचा अर्धा गुण कापला नाही त्यासाठी.

भिमाबाई : मंग, गेल्या का त्या पोरी?

सुमनबाई : दोघी रडल्या. एक होती रूथ, ती सासूला बिलगून राहिली. तिच्याबरोबर गेली. या पुस्तकाला तिचंच नाव आहे.

भिमाबाई : आन दुसरी?

सुमनबाई : ओर्पा. तिनं सासूचा मुका घेतला आणि परत गेली. तिला आम्ही वर्गात जरा कमीच लेखायचो.

भिमाबाई : का वं? सासूनंच सांगितलं व्हतं ना जायला?

सुमनबाई : हो. सासूनंच.

भिमाबाई : मंग तिचं पुढं काय झालं?

सुमनबाई : ते लिहिलेलं नाही.

भिमाबाई : नसू द्या. तिच्या आईचं बरं झालं असंल.

सुमनबाई : (चष्मा काढून पदरानं डोळे टिपतात.)

भिमाबाई : इहीणबाई, डोळ्याला काय झालं?

सुमनबाई : चष्म्याचा नंबर बदललाय. आज इथपर्यंत पुरे. पुढचा अध्याय उद्या घेऊ.

भिमाबाई : उद्या? हे एवढं जाड पुस्तक सगळं संपायला किती दिस लागत्यात?

सुमनबाई : रोज वाचलं तर एक वर्ष. पण तुम्ही मधे मधे फार विचारता. दीड धरा.