बाजारात थांबलेली कॅसेट

जळगावच्या व्हिडिओ लायब्ररीत अभिमन भांडायच्या तयारीनंच आला होता. भाड्याची कॅसेट कुणी मागं फिरवलीच नव्हती. लावली तर सिनेमा मधूनच सुरू; तशीच काढून आणली होती. पण काउंटरवर त्याच्या पुढं भिकुबाई उभी होती.

"प्रकाशचंदभाऊ, तू करी दिधेल नक्कल देख. चित्र घडीकमा काळं पडस, घडीकमा उजळस. मालकनं तोंडच दिखत नही."

"अक्का, कंपनीनं कॅसेटमध्येच तशी तजवीज केलीय. नक्कल काढली की चित्र असंच होतं."

"कंपनीले काय माहीत, बजारना सीनमा, गर्दीमा मना मालक शेतस? आते त्या नही. इतलंच राह्यनं."

"घरी यजमानांचा फोटो असेल ना?"

"शे ना. पन फोटोमा त्या हसत नहीत. आठे हसतस."

"मग अस्सलच नेत जा, पाहिजे तेव्हा. फक्त परत देताना मागं फिरवून द्या. तुमची कॅसेट दरवेळी बाजारातच थांबलेली असते."

"त्याना पुढे देखवस नही, भाऊ. आज देस का?"

"आज बाहेर गेलीय ती. अभिमनभाऊ, तुमची काय तक्रार?"

"तक्रार कसली?" अभिमननं हातातली कॅसेट भिकुबाईपुढं सरकवली. "घ्या अक्का. बाजारातच आहे."